कागद सरळच होता

माझ्याकडे पाहायचे असेल तर आधी एक डोळा हाताने झाका, मित्रांनो. दोन्ही डोळे उघडे ठेवून पाहण्यासाठी माझा जन्म झालेला नाही. मी डोळे तपासण्याचा एक जुना कागद आहे. माझ्या अंगावर एकवीस उभ्या आणि एकवीस आडव्या रेषा आहेत, त्यांची बारीक बारीक घरे आहेत आणि बरोबर मधोमध एक काळा ठिपका आहे. ठिपक्यावर नजर ठेवायची आणि सगळ्या रेषा सरळ दिसतात का ते पाहायचे, एवढेच माझे काम. एखादी रेष वाकडी दिसली, तर डोळ्याच्या आतल्या पडद्यावर काहीतरी बिघडले आहे असे समजायचे. मला औषध देता येत नाही आणि बोलताही येत नाही. मी फक्त सरळ राहू शकतो, आणि तेवढे मी आजवर केले आहे.

माझा जन्म लखनऊच्या अमीनाबादमधल्या एका छापखान्यात झाला. त्याच यंत्रावर आमच्या आधी लग्नपत्रिका छापल्या जात होत्या. त्यांच्यावर सोनेरी वेलबुट्टी होती आणि आमच्यावर नुसत्या काळ्या रेघा, म्हणून मला त्यांचा थोडा हेवा वाटला. पण आमचा गठ्ठा बांधताना छापखान्याचा म्हातारा कारागीर म्हणाला, "ये शादी के कार्ड तो लोग एक दिन देखेंगे. तुम्हें रोज देखेंगे." त्या वाक्यावर मी बरेच दिवस फुशारलो होतो.

एका मोठ्या रुग्णालयाच्या टेबलाच्या खणात काही महिने पडून राहिल्यावर, १९९४ च्या नोव्हेंबरात डोळ्यांच्या डॉक्टरांनी मला बाहेर काढले आणि एका उंच, ताठ गृहस्थांच्या हातात दिले. हे लक्ष्मीकांत बिवलकर. मूळचे अलिबागकडचे, पण लखनऊ छावणीच्या बांधकाम कचेरीत छत्तीस वर्षे ड्राफ्ट्समन म्हणून नोकरी केलेले. बराकी, रस्ते, पाण्याच्या टाक्या, सगळ्यांचे नकाशे त्यांच्या हातचे. वयामुळे होणाऱ्या पडद्याच्या आजाराने त्यांच्या डाव्या डोळ्याचा मधला भाग आधीच गेला होता. समोरच्या माणसाच्या तोंडाच्या जागी त्या डोळ्याला नुसता धुरकट डाग दिसे. आता उजव्या डोळ्यातही आजाराची सुरुवात झाली होती.

"दायीं आँख से रोज देखिए," डॉक्टर म्हणाले. "जिस दिन कोई लाइन टेढी लगे, उसी दिन आइए. अगले दिन नहीं, उसी दिन. शुरू में पकड लिया तो लेजर से रोकने की कोशिश कर सकते हैं."

"आणि तोपर्यंत औषध काय?" लक्ष्मीकांतांच्या पत्नी पद्मिनीबाईंनी मराठीतच विचारले, आणि मग घाईने हिंदीत विचारले.

डॉक्टरांनी मान हलवली. तोपर्यंतचे औषध त्यांच्याकडे नव्हते.

लखनऊच्याच तेलीबागेत त्यांचे दोन खोल्यांचे घर होते. नकाशा अर्थातच स्वतः काढलेला. पद्मिनीबाईंनी मला स्वयंपाकघरात, गॅसच्या शेजारच्या भिंतीवर लावले, कारण तिथे पूर्वेच्या खिडकीचा उजेड चांगला येई आणि लक्ष्मीकांत सकाळचा चहा तिथेच घेत. चष्मा लावून, डावा डोळा तळहाताने झाकून, हातभर अंतरावर ते उभे राहत आणि कचेरीत नकाशा तपासल्यासारखे पुटपुटत, "आडव्या बरोबर. उभ्या बरोबर." पहिल्याच दिवशी ते म्हणाले, "छपाई चांगली आहे हं. रेषेची जाडी सगळीकडे एकसारखी." मित्रांनो, जाणकार माणसाने केलेले कौतुक वेगळेच असते. मी त्या दिवशी भिंतीवर जरा जास्तच ताठ बसलो.

पण नुसती वाट पाहणे पद्मिनीबाईंच्या स्वभावात नव्हते. रोज सकाळी त्या चहाचे आधण ठेवून नवऱ्याच्या तोंडाकडे बघत उभ्या राहायच्या, "बरोबर" हा शब्द येईपर्यंत. तो आला की मगच पत्ती टाकायच्या. एकुलती एक मुलगी विनया शहराबाहेर बख्शी का तालाब या गावी राहत असे. तिचा नवरा हवाई दलात. ती दर रविवारी टेंपो बदलत तेलीबागेत यायची. एका रविवारी तिने बातमी आणली.

"आई, चिनहटमध्ये एक डॉक्टर आहे, मिसेस रस्तोगी. अ‍ॅक्युपंक्चर करतात. हमारी पडोसन की सास को बहुत फायदा हुआ. आणि चायनीज जडीबुटी पण देतात, उकळून प्यायची."

"सुया? डोळ्यात?" लक्ष्मीकांत म्हणाले.

"डोळ्यात नाही हो बाबा, आजूबाजूला. एकदा दाखवून तर या, यार."

फेब्रुवारीत ते चिनहटला गेले. सगळे कागद दाखवायचे म्हणून मीही फायलीतून गेलो. डॉक्टर रस्तोगी पन्नाशीच्या, हळू बोलणाऱ्या बाई होत्या. ही विद्या त्या कलकत्त्याला शिकल्या होत्या. त्यांनी फाइल पूर्ण वाचली, मला उजेडात धरले आणि स्पष्ट सांगितले, "बाबूजी, जो चला गया वो मैं नहीं लौटा सकती. जो है, वो शायद टिके. शायद. और आँख वाले डॉक्टर को मत छोडिएगा." मला त्या बाई आवडल्या. खोटी आशा लावणारी माणसे कागदाला लगेच ओळखू येतात.

लक्ष्मीकांत तसे इंजेक्शनला घाबरणारे. पण सुई पाहिल्यावर त्यांच्यातला ड्राफ्ट्समन जागा झाला. "ही तर माझ्या सगळ्यात बारीक पेनाएवढी आहे," असे म्हणून त्यांनी ती बोटांच्या चिमटीत फिरवून पाहिली आणि मग निमूटपणे आडवे झाले. भुवईजवळ, कानशिलाजवळ, अंगठ्याच्या बेचक्यात, गुडघ्याखाली अशा सुया लागल्या. अर्धा तास ते हलले नाहीत. पद्मिनीबाई मात्र बाहेरच्या बाकावर पदराचे टोक पिळत बसल्या होत्या.

जडीबुटीच्या पुड्या कागदात बांधून मिळाल्या. वाळलेली शेवंतीची फुले, मनुकांपेक्षा लहान सुकी लाल फळे आणि कसल्यातरी मुळांचे काप. हे धातूच्या भांड्यात उकळायचे नाही, मातीच्या भांड्यात मंद आचेवर पाऊण तास उकळायचे, असे डॉक्टर रस्तोगींनी सांगितले. चिनहट मातीच्या भांड्यांसाठी प्रसिद्धच. पद्मिनीबाईंनी परतताना तिथलेच एक झाकणाचे भांडे घेतले, आणि दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळ-संध्याकाळ ते माझ्या शेजारी गॅसवर चढू लागले.

तो वास कसा सांगू? फुलांचा कमी आणि ओल्या पोत्याचा जास्त. वाफ सरळ माझ्या तोंडावर येई. लक्ष्मीकांत नाक मुरडत, "अगं, हे डोळ्याचं औषध आहे की जिभेची शिक्षा?" म्हणत आणि वाटी एका दमात रिकामी करत. मी कधी तक्रार केली नाही. त्यांच्या डोळ्यासाठी थोडी वाफ सोसायला माझी काय हरकत असणार?

एप्रिलमध्ये एकदा लक्ष्मीकांतांनी बहिणीच्या पत्रातले बारीक अक्षर भिंगाशिवाय वाचले. पद्मिनीबाईंनी ते पत्र तीन वेळा वाचायला लावले आणि तिसऱ्या वेळी त्यांचे डोळे भरून आले. सुयांनी फरक पडला, औषधाने पडला, की त्या दिवशी खिडकीतून ऊन छान आले होते, हे मला माहीत नाही. मला फक्त एवढे माहीत आहे की त्या दिवसापासून त्या घरात आशा राहायला आली. लक्ष्मीकांतांनी ड्रॉइंग बोर्डावरची चादर काढली आणि शेजारच्या सुभेदारांच्या नव्या घराचा नकाशा हाती घेतला. ते कामाला बसले की पद्मिनीबाई दारातून पाहत उभ्या राहत. त्या उजव्या डोळ्यावर आता दोघांचे सगळे काही होते.

ऑगस्टमधल्या एका सोमवारी सकाळी लक्ष्मीकांत नेहमीप्रमाणे माझ्यासमोर उभे राहिले. "आडव्या बरोबर," म्हणाले, आणि थांबले. मान पुढे केली. पुन्हा मागे घेतली.

"पद्मिनी, हा कागद फुगलाय."

पद्मिनीबाईंच्या हातातली चहाची पत्ती हातातच राहिली. "फुगलाय म्हणजे?"

"खाली उजव्या कोपऱ्याशी बघ. उभी रेष बाहेर ढकलली गेली आहे. तुझ्या त्या काढ्याची वाफ रोज खातोय तो, त्यात ही पावसाळी हवा. कागद दमटला की ताणतो. छत्तीस वर्षं कागदातच गेली माझी."

मित्रांनो, मी फुगलो नव्हतो. माझी एकही रेष जागची हलली नव्हती. मला ओरडून सांगायचे होते की बिवलकरसाहेब, हा मी नाही, हा तुमचा डोळा आहे, आत्ताच्या आत्ता चप्पल घाला आणि निघा. पण कागदाला तोंड नसते. माझ्यावर जे छापले आहे तेच मला म्हणता येते, आणि ते मी म्हणतच होतो.

पद्मिनीबाई पुढे झाल्या, दोन्ही डोळ्यांनी माझ्याकडे पाहू लागल्या. "मला तर सरळ दिसतंय हो. डॉक्टरांकडे जाऊन येऊ या का?"

"तुला रेषेतलं काय कळतं?" ते म्हणाले.

हे वाक्य त्या घरात नवे नव्हते. पद्मिनीबाईंनी भिंतीला तसबीर लावली की ते ओळंबा घेऊन येत आणि ती एक सूत इकडे सरकवत. रेषेच्या बाबतीत त्यांचा शब्द अखेरचा, हे चाळीस वर्षांच्या संसारात ठरून गेले होते. म्हणून त्या इस्त्री घेऊन आल्या. त्यांनी मला भिंतीवरून काढले, वर पातळ फडके घातले आणि कोमट इस्त्री फिरवली. मला त्यांचा राग आला नाही. इस्त्री फार तापली नाही ना, हे त्यांनी आधी स्वतःच्या बोटाने पाहिले होते.

मग मला ड्रॉइंग बोर्डाखाली दाबून ठेवले. चार दिवस मी अंधारात होतो आणि डोक्यावर पेन्सिल चालल्याचा आवाज ऐकत होतो. पाचव्या दिवशी पुन्हा भिंतीवर आलो. त्यांनी पाहिले आणि च्च् केले. "अजून तसाच. ह्याला पाठीशी आधार पाहिजे." मग प्लायवूडचा तुकडा आला, खळ आली, मला त्यावर चिकटवले, वाळायला तीन दिवस ठेवले. पुन्हा लावताना गॅसपासून लांब, समोरच्या भिंतीवर लावले. एवढे लाड माझे जन्मात कुणी केले नव्हते, आणि एकेका लाडात एकेक दिवस चालला होता.

त्या दिवसांत त्यांनी पेपर वाचणे सोडले. हल्ली छपाई वाईट येते म्हणाले आणि रेडिओ लावला. सुभेदारांचा नकाशा गुंडाळून ठेवला. माझा संशय आहे, मित्रांनो, की मनात कुठेतरी त्यांना कळले होते. पण सहा महिने सुया टोचून घेतल्या, तो कडू काढा प्यायला, पत्र वाचून दाखवले, आणि आता रेष वाकली असे स्वतःच्या तोंडाने म्हणायचे? माणसाला ते जमत नाही. त्यापेक्षा कागद फुगणे सोपे असते.

तेराव्या दिवशी ते दोघे चिनहटहून परतले तेव्हा लक्ष्मीकांत घुश्शात होते.

"रस्तोगीबाई म्हणतात, हॉस्पिटलमधून नवा कागद आणा. मी ड्राफ्ट्समन आहे. साधी जाळी मागायला हॉस्पिटलच्या लाइनीत उभा राहू?"

"पण त्यांनी दर वेळी विचारलं ना, जाली सीधी है क्या म्हणून," पद्मिनीबाई म्हणाल्या. "तुम्ही काय सांगितलं?"

"जे आहे ते. कागज भाप से खराब हो गया है. मैं खुद नया बना लूंगा."

सोळाव्या दिवशी ते नवा कागद बनवायला बसले. आधी माझी मापे घ्यायची म्हणून मला खिडकीपाशी टेबलावर ठेवले आणि खणातून पोलादी पट्टी काढली. ही पट्टी नोकरीच्या पहिल्या वर्षापासूनची. जगात कशावर नसेल एवढा त्यांचा तिच्यावर विश्वास. माझी वाकडी रेष किती वाकली आहे ते मोजायला त्यांनी पट्टी त्या रेषेला लावली, डावा डोळा झाकला आणि खाली वाकून पाहिले.

पट्टीही वाकडी होती.

मग त्यांनी डोळा मिटला आणि पट्टीच्या कडेवरून अंगठा फिरवला, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. कड सरळ होती. पुन्हा डोळा उघडून पाहिले, पुन्हा अंगठा फिरवला. असे किती वेळा केले ते मी मोजले नाही. माझ्यावर त्यांचा घाम पडला तेव्हा मला फार वाईट वाटले, आणि खरे सांगतो, माझे निर्दोषपण सिद्ध झाल्याचा काडीचाही आनंद झाला नाही.

"पद्मिनी," त्यांनी हाक मारली. "चप्पल घाल. हॉस्पिटलला जायचंय."

मला प्लायवूडसकट कापडी पिशवीत घालून नेले. डॉक्टरांनी डोळ्यात थेंब घातले, दिव्याने बराच वेळ पाहिले आणि विचारले, "कब से टेढी दिख रही है?"

"सोलह दिन," लक्ष्मीकांत म्हणाले. त्यांनी एकही दिवस कमी सांगितला नाही.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवले. "पहले हफ्ते में आते तो लेजर करके देखते. तब किनारे पर रहा होगा. अब खून बीच में आ गया है. बीच में लेजर मारूंगा तो जो बचा है वो भी जाएगा."

"इनका कागज..." पद्मिनीबाईंनी सुरुवात केली आणि पिशवीकडे बोट दाखवले. डॉक्टरांनी पिशवीतून डोकावणाऱ्या माझ्याकडे पाहिले. माझ्या पाठीला लावलेले प्लायवूड पाहिले. नंतर बाहेर पडताना पद्मिनीबाईंना म्हणाले, "माताजी, आप भी देखा कीजिए. साठ के ऊपर सबको देखना चाहिए."

पुढच्या आठवड्यात डॉक्टर रस्तोगी स्वतः तेलीबागेत आल्या. स्वयंपाकघरात स्टुलावर बसल्या. सुयांची डबी त्यांनी पिशवीतून काढलीच नाही. "मैं हर बार पूछती रही," त्या म्हणाल्या, "लेकिन कागज का पूछा, आँख का नहीं पूछा. एक आँख बंद करवाके दरवाजे की चौखट दिखा देती, तो उसी दिन पता चल जाता." लक्ष्मीकांत म्हणाले, "आपका कसूर नहीं. मैंने ही आपको कागज पकडा दिया." काढ्याने आता काही होणार नाही असे डॉक्टर रस्तोगींनी जाताना सांगितले. पण पुड्या शिल्लक होत्या, आणि पद्मिनीबाई त्या संपेपर्यंत उकळत राहिल्या. लक्ष्मीकांतही पीत राहिले. बायकोला दुसरे करण्यासारखे काही नव्हते हे त्यांना कळत होते.

आता १९९६ चा मार्च आहे. लक्ष्मीकांतांना खोलीच्या कडा दिसतात, दार कुठे आहे ते दिसते, पद्मिनीबाईंच्या साडीचा काठ दिसतो. तोंड दिसत नाही. डोळ्यात थेंब घालणे, पत्रे वाचून दाखवणे, रस्ता ओलांडताना कोपर धरणे, दाढी राहिलेली सांगणे, हे सगळे पद्मिनीबाई करतात. मी अजून स्वयंपाकघरात आहे. मला कुणी पाहत नाही. माझ्या प्लायवूडच्या वरच्या कडेवर आता काड्यापेटी ठेवतात.

मी उपदेश करणारा कागद नाही. पण तुमच्या घरात वयस्कर माणसे असतील, तर एक करा. त्यांना एक डोळा झाकायला सांगा आणि दाराची चौकट सरळ दिसते का ते विचारा. मग दुसरा झाका. आणि कुणी म्हणाले की चौकटच वाकडी बसवली आहे, तर सुताराला बोलवू नका. त्या माणसाचा हात धरा आणि निघा. सुया, काढे, ज्याला जे हवे ते त्याने करावे, पण आधी निघा.

हे सांगायची आज मला घाई आहे. त्याचे कारणही सांगतो.

आज सकाळी पद्मिनीबाई भिंती पुसत होत्या. कांदा चिरून झाला होता, डोळ्याला पाणी आले म्हणून त्यांनी मनगटाने डावा डोळा दाबला आणि तशाच माझ्यावरून फडके फिरवू लागल्या. फडके मध्येच थांबले. त्यांनी तीच जागा पुन्हा पुसली. मग आणखी एकदा, जोरात. मग फडके खाली ठेवून नीट उभ्या राहिल्या, हातभर अंतरावर, अगदी जसे उभे राहायचे असते तशा. एक डोळा झाकला. दुसरा झाकला. पुन्हा पहिला झाकला.

त्यांनी इस्त्री काढली नाही. कागद फुगला असे त्या म्हणाल्या नाहीत. त्यांना सगळे समजले होते, मित्रांनो.

"काय गं, एवढी शांत का?" बाहेरच्या खोलीतून लक्ष्मीकांतांनी विचारले.

"काही नाही. ओटा पुसतेय."

मग माझ्याजवळ येऊन त्या अगदी हळू म्हणाल्या, "आत्ता नको. मी पण बसले तर ह्यांचं कोण बघणार?" आणि त्यांनी मला उलटे केले.

भिंतीकडे तोंड करून मी हे सगळे तुम्हाला सांगतो आहे. मला चुन्याशिवाय काही दिसत नाही. पलीकडे कुकरच्या शिट्ट्या होत आहेत, पद्मिनीबाई रोजच्यासारख्या कामाला लागल्या आहेत. मी सरळ आहे हे मला कुणाला पटवायचे नाही आता. तुमच्यापैकी कुणी बख्शी का तालाबकडे जात असेल, तर हवाई दलाच्या वसाहतीत विनयाचे घर विचारा आणि तिला तेलीबागेत पाठवा. ती दर रविवारी येतेच, पण आज मंगळवार आहे.